कोरड्या बांधावरची बैठक

ता. १५ नोव्हें. १९३६
वडिलांच्या मागे पंचांचं प्रमुखपण माझ्याकडे आलं. आज बंधाऱ्यावर पहिली बैठक. पाणी काठोकाठ. मी म्हणालो, यंदा वरच्या, मधल्या, खालच्या, तिन्ही फडांत (पाटाखालच्या शेतांचे तिन्ही पट्टे) गहू करू. सगळे हो म्हणाले. अर्ध्या तासात ठराव, अंगठे, गूळ-शेंगदाणे, घरी. वडील दोन-दोन दिवस घोळ घालत बसायचे.

ता. २७ डिसें.
नदीची धार बारीक. वरच्या फडाची पाण्याची पाळी नीट झाली (माझं शेत यातच), मधल्याची कशीबशी. खालच्या फडाला पाणी पोचलंच नाही.

ता. २९ डिसें.
पाटकरी दामूनानांबरोबर पाटाच्या शेवटापर्यंत चालत गेलो. प्रमुख झाल्यापासून पहिल्यांदाच. तीस वर्षं पाटाच्या फळ्या हेच उघडतात. शेवटचं शेत यशोदाबाईचं. नवरा वारला, पोटाला एवढाच गहू. वीतभर आलाय, पानं गुंडाळलेली. बाई चढ्या आवाजात बोलली नाही. "आबा, बैठक बंधारावर व्हस. माले कोन बलावस?"
परतताना नानांना विचारलं, पाणी पुरणार नाही हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?
"म्हाईत व्हतं."
"मग बोलला का नाहीत?"
"तुम्ही पहिलेच बोली ग्यात. मंग आम्ही काय बोलूत?"
फार लाज वाटली. रात्री जेवलो नाही.

ता. २ जाने. १९३७
सगळ्यांना कळवलं. बैठक यापुढे बंधाऱ्यावर नाही. ज्याचं शेत सगळ्यांत कोरडं, त्याच्या बांधावर. त्यानं आधी बोलायचं, मी शेवटी. नामदेव (वरच्या फडातला माझा शेजारी) हसला. "बाईना बांधवर पंच बसतीन का?" बसतील. नाही बसले तर मी एकटा बसेन.

ता. ४ जाने.
बसले. यशोदाबाई पदर ओढून उभी राहिली. "वरली जमीन काळी शे, वल धरस. मनी जमीन मुरमाड. आठ दिनमा गहू जळी जाई." एवढंच. मागितलं काही नाही.
मग नाना बोलले. तीस वर्षांत बैठकीत पहिल्यांदा. काळ्या जमिनीच्या दोन पाळ्या चुकल्या तरी गहू तगेल, कदाचित. 'कदाचित' दोनदा म्हणाले. नामदेव ओरडला. दुपारपर्यंत नुसता गलका. तीनदा उठून 'पुरे' म्हणावंसं वाटलं, माझाही गहू वरच आहे ना. पान चघळत बसलो. शेवटी तोडगा काढला तो नामदेवनंच. दोन नको, वरच्या फडाची एक पाळी सोडून देऊ, मग परत बसू. मला हे सुचलं नसतं. माझी बोलायची पाळी आल्यावर म्हणालो, मान्य.

ता. ९ जाने.
पाणी पाटाच्या टोकाला पोचलं. नामदेव स्वतःच्या बंद फळीवर स्वतः पहारा देत बसला होता. नोव्हेंबरच्या ठरावासाठी कोणी बसलं असतं असं वाटत नाही.

ता. २० जाने.
माझ्या शेताला भेगा. ओंब्या भरायच्या वेळेला शेंडे पिवळे. नानांचं 'कदाचित'... सौ. म्हणाली, "लोकांचं पाहताना घरचं खायला काय?" ती नाशिकची, बोलते ते तोंडावर.
संध्याकाळी नामदेव आला. "तुम्ही फक्त सांगा, फळी उघाडस. तुमले कोन आडावस?"
कोणी अडवणार नाही. त्याचीच तर भीती वाटते. बैठकीत बोलू म्हणालो.

ता. २१ जाने.
उद्या बैठक. नाना सकाळीच सगळे फड पाहून आले. सगळ्यांत कोरडं शेत माझंच. म्हणजे बैठक माझ्या बांधावर, आणि आधी बोलायचं मी. नियम माझाच! मी पाणी मागितलं की सगळे हो म्हणतील, नोव्हेंबरसारखेच. यशोदाबाईचा निरोप आहे, तिच्या गव्हाला अजून एक पाणी हवं. आणि नदीत आहे एकाच फडापुरतं.
नानांना म्हटलं, गप्पच बसतो. नकाराची मान हलवली त्यांनी. "बोलनं पडी. पन वावर कसं शे, तेवढंच सांगा."
तेवढंच सांगायचं ठरवलंय. जमेल की नाही, देव जाणे.
सौ. बैठकीसाठी घोंगड्या झटकत होती. विचारलं, "यशोदाबाई येणार?" हो म्हणालो. आणखी एक घोंगडी काढली. म्हणाली, "शेत माझंही कोरडं आहे. आधी मी बोलले तर?"
मी घोंगडीचं दुसरं टोक धरलं.