मीठवालीचा पदर

१९ जानेवारी २००४, सोमवार

आज पुन्हा नावावरून भांडण! देश स्वतंत्र होऊन तीन महिने झाले, पहिल्या वाढदिवसाला नोटा लोकांच्या हातात पडायला हव्यात, आणि चलनाला काय म्हणायचं तेच ठरत नाही. तोवर तिकडे जुन्या राज्यकर्त्यांच्याच नोटा चालताहेत. ज्यांना हाकललं त्यांचेच चेहरे खिशात घालून लोक भाजी आणायला जातात.

देशाचं नाव इथे लिहायचं नाही. नोटा छापणाऱ्या कंपनीत नोकरी म्हणजे तोंडाला कुलूप. तसं पाहिलं तर नॉटिंगहॅममध्ये माझं मराठी अक्षर वाचणारा एकच माणूस, माझा नवरा सतीश, आणि हॉस्पिटलमधल्या ड्यूटीवरून आल्यावर तो पेपरसुद्धा वाचत नाही. लेकीला, तनिषाला, मराठी वाचताच येत नाही. तरी शब्द दिलाय तो दिलाय. मी त्या देशाला ‘बाळ’ म्हणते. बारसं व्हायचंय म्हणून.

चित्राचंही तेच. तीन पुढारी, तिघांनीही लढाई लढलेली. एकाला नोटेवर घेतलं की उरलेले दोघे रुसणार. शेवटी गॅरेथ, माझा मॅनेजर, फोनवर म्हणाला, मग कुणीच नको, बाजारातली एखादी साधी बाई घ्या. पलीकडे सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. आणि ती बाई काढायचं काम आलं माझ्या गळ्यात. दोन डिझायनर्सना नाताळच्या आधी नारळ मिळालाय, त्यामुळे मी आनंदाने हो म्हटलं.

२५ जानेवारी, रविवार

मंडळाचं हळदीकुंकू. तनिषा मैत्रिणीकडून साडी नेसून थेट हॉलवर आली. हेतलच्या आईने नेसवलेली, पदर उजव्या खांद्यावरून पुढे. मी तिला दारातूनच बाथरूममध्ये नेलं, सगळं सोडलं आणि पुन्हा नेसवलं.

“आई, सेम साडी आहे. कुठला शोल्डर आहे त्याने काय फरक पडते?”

पडतो. का पडतो ते मला सांगता आलं नाही. गुजराती पदर छानच दिसतो, पण माझ्या डोळ्याला तो उलटा. चौदा वर्षांच्या मुलीवर यासाठी ओरडावं का? ओरडले.

संध्याकाळी नागपूरला फोन. आई शेजारच्या मधुमतीकाकूंकडे हळदीकुंकवाला गेली होती. “गेले होते गं. मागे बसले.” मागे का? “बसले आपली.” बाबा गेले तेव्हा आत्यांशी कडाकडा भांडून मी आईच्या कपाळावरची टिकली राखली होती. राखली म्हणजे मी तिथे होते तोवर. फोनवर कपाळ दिसत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बाळाकडची मंडळी आली! पाच पुरुष आणि एक बाई. पुरुष सुटाबुटात, थंडीने कुडकुडत. बाई नव्या बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर. साठीच्या असतील. पायघोळ झगा आणि त्यावर हातमागाचा लांब शेला, डाव्या खांद्यावरून मागे सोडलेला. अगदी आपल्या पदरासारखा! त्या जिना चढताना मला वाटलं, नागपूरच्या कुणीतरी शिक्षिकाच येताहेत. मनातल्या मनात त्यांचं नाव ‘बाई’ ठेवून टाकलं.

बारसं झालं. चलनाचं नाव त्यांच्या भाषेत ‘मूठ’. किनाऱ्यावर मिठागरं, पूर्वी सगळा व्यवहार मुठीने मोजलेल्या मिठावर चालायचा. नाव बाईंनीच सुचवलं म्हणे. पाच मूठ, दहा मूठ. मला फार आवडलं.

त्यांच्याकडे भाषा तीन, आणि कुठली वर छापायची यावर वाद. मी पर्समधून बाबांनी दिलेली शंभराची नोट काढली. इथे ती चालत नाही, पण मी ती कधी मोडलीही नसती. मागची भाषांची पट्टी दाखवली. लहानपणी बाबा म्हणायचे, आपली ओळ शोध. मल्याळमच्या खाली, नेपाळीच्या वर: शंभर रुपये. पुरुषांनी नोट हातोहात फिरवली. बाईंनी ती बराच वेळ धरून ठेवली आणि विचारलं, “यात भांडण नाही झालं?” मी म्हटलं, झालं असणार, पण छापल्यावर सवय होते.

११ फेब्रुवारी, बुधवार

मीठवाली मिळाली. फोटो त्यांच्याच फोटोग्राफरचा. टोपलीमागे बसलेली, पन्नाशीची, नजर सरळ. पण तोंड चुकीच्या बाजूला! नोटेच्या उजव्या भागात माणूस असेल तर त्याने आत, नोटेकडे बघायला हवं. ही बाहेर बघते, म्हणजे नोटेवरून उठून चालल्यासारखी. मग फोटो आरशातल्यासारखा उलटवला. एका क्षणात जमली. टोपली, हात, शेला, सगळं जागच्या जागी बसलं. आता बाई बाईसारखी दिसते.

चेहरा मात्र तिचा ठेवायचा नाही. कुणी ओळखता कामा नये, असा नियम. नाक बदललं, गाल भरले. कपाळ काही केल्या जमेना. शेवटी आईचं दिलं. रुंद, मधोमध एक आडवी रेघ. हे कुणाला सांगायची गरज नाही.

१२ मार्च, शुक्रवार

चित्र पास! पाचही पुरुषांच्या सह्या, खाली बाईंची. कॉलिनने स्टीलवर कोरायला घेतलं. तो आमचा शेवटचा हाताने कोरणारा माणूस. बोलत नाही, भिंग लावून बसतो, एकेक रेघ. चुकली तर खोडता येत नाही.

१८ मे, मंगळवार

पुढच्या नोटेसाठी लग्नाच्या नाचाचे फोटो आले. पहिला उघडला आणि म्हटलं, काय वेंधळी माणसं आहेत! उलटा छापलाय. सगळ्या बायकांचे शेले उजव्या खांद्यावर. दुसराही उलटा. तिसराही. चांगला गठ्ठा होता, सगळाच उलटा. वैतागून मेल लिहायला घेतली. तेवढ्यात एका फोटोत नाचणाऱ्यांच्या मागे हॉटेलची पाटी दिसली. इंग्रजी अक्षरं. सरळ वाचता येत होती.

मेल पुसली. मीठवालीचा मूळ फोटो काढून बघितला. उजवा खांदा. मी उलटवला तेव्हा डावा झाला आणि माझ्या डोळ्याला काहीच खटकलं नाही. खटकणार कसं? जन्मभर डावाच बघितलाय. हेतलच्या आईने हे काम केलं असतं तर तिला पहिल्या दिवशी दिसलं असतं!

पण मग बाईंचा शेला डावीकडे कसा?

१९ मे, बुधवार

लंडनला त्यांच्या वकिलातीत फोन केला. सेक्रेटरी तरुण आहे, मोकळा बोलतो. सहज विचारल्यासारखं विचारलं, शेला कुठल्या खांद्यावर घेतात तुमच्याकडे?

“उजव्या.”

आणि डाव्या?

“नवरा गेला की. एरवी कधीच नाही.” मग आपणहून म्हणाला, डेप्युटी गव्हर्नरांचे मिस्टर लढाईत मारले गेले.

मी थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला. देशाच्या पहिल्या नोटेवर मी विधवा बसवलीय.

२० मे, गुरुवार

गॅरेथला सांगितलं. तो हसला, मग हसायचा थांबला. “सुनेत्रा, दे साइन्ड इट. पाच माणसं त्यांच्या देशातली. त्यांना चुकीचं वाटलं नाही तर आपण कोण?” प्लेट पुन्हा करायची तर वाढदिवस हुकणार. वाढदिवस हुकला तर कॉन्ट्रॅक्ट. कॉन्ट्रॅक्ट गेलं तर — पुढचं तो बोलला नाही. मला कळलं.

कॉलिन म्हणाला, “मला नव्याने कोरायला सांगितलंस तर कोरीन. पण इतकी चांगली परत होणार नाही.” ते त्याने तक्रारीने म्हटलं नाही. म्हणून जास्त लागलं.

२३ मे, रविवार

कशात लक्ष नाही. पोळी करपली, सतीशशी विनाकारण भांडले, कपाट आवरायला काढलं आणि तसंच पसरून ठेवलं. “अगं, शेला आहे. बॉम्ब नाही,” म्हणाला. त्याला नाही कळत. ते बाळ पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभं राहतंय आणि त्याच्या हातात मी काय दिलं?

भांडी घासताना माझ्या मनात आलेला शब्द इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? अपशकुन. हा शब्द माझ्या मनात आला! आत्यांनी तो उच्चारला तेव्हा मी त्यांना घराबाहेर काढायला निघाले होते. आणि आता मीच तेवढ्यासाठी पोळ्या करपवतेय, की नोटेवरच्या बाईला नवरा नाही. असता तर तिचं मीठ जास्त खारट झालं असतं का?

पण ते माझं मत झालं. देश त्यांचा आहे. मला न विचारता कुणी आपल्या नोटेवर असं काही छापलं असतं तर?

आणि कपाळ आईचं.

आईला फोन केला. काय बोलायचं ते सुचेना. म्हटलं, टिकली लावतेस ना? म्हणाली, “लावते गं. घरात लावते.”

३ जून, गुरुवार

पुढच्या आठवड्यात मंडळी शेवटच्या सहीला येणार. त्यानंतर मशीन सुरू. गॅरेथ आज दोनदा माझ्या टेबलाशी येऊन गेला. “वी आर ऑल गुड, येस?” मी मान हलवली. कशी हलवली ते त्याने बघितलं नाही. आपली मान हलवणं इथे कुणाला नक्की कळत नाही, तेवढा एक फायदा.

सांगणार आहे. नोकरी गेली तर गेली. सतीशला सांगितलं तर म्हणाला, मॉर्गेजचं बघू, सांगून टाक, निदान पोळ्या तरी करपणार नाहीत.

८ जून, मंगळवार

सांगितलं.

बाई सकाळी एकट्याच आल्या, पुरुष मागच्या ट्रेनने येणार होते. कॅन्टीनमध्ये त्यांना चहा आणून दिला आणि त्यांनी साखर ढवळायच्या आत सगळं बोलून टाकलं. फोटो मी उलटवला. शेला डावीकडे गेला. माझी चूक. आमच्याकडे पदर डावीकडे असतो, त्यामुळे दिसलं नाही. आज बोललात तर अजून थांबवता येईल.

त्या ढवळत राहिल्या. “मला पहिल्या दिवशीच दिसलं.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग सही का केलीत?

“वाट बघत होते. यांच्यातला एकजण तरी बोलतो का. आकड्यांवर बोलले, रंगावर बोलले. आपापली सही किती मोठी असावी यावर दोन बैठका घेतल्या. बाईकडे कुणी बघितलंच नाही.”

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

“शेला डावीकडे गेला की आमच्या बाजारात पुढे बसायचं नाही,” त्या म्हणाल्या. “मागच्या रांगेत. मीठ तेच, भाव तोच. मला बँकेतसुद्धा टेबलाच्या टोकाला खुर्ची देतात. मान म्हणून, असं सांगतात. आता हिला कुठे बसवतील? प्रत्येकाच्या खिशात आहे ती.”

लोक चिडतील, मी म्हटलं.

“चिडतील. मग काय करतील, जुने चेहरे परत आणतील?” चहा प्यायल्या. “तूच म्हणालीस ना, छापल्यावर सवय होते.”

हे मी भाषांच्या ओळींबद्दल म्हणाले होते! पण आठवण ठेवली होती त्यांनी.

मग प्लेटचा छापील नमुना हातात घेऊन विचारलं, “हे कपाळ फोटोतलं नाही. कुणाचं?”

आईचं, म्हटलं. कुणाला न सांगितलेलं पटकन तोंडातून गेलं.

“वडील आहेत?”

नाहीत.

“आणि आई कुठल्या खांद्यावर घेते?”

डाव्याच. आमच्याकडे सगळ्या डाव्याच खांद्यावर घेतात. नवरा असलेल्या, नसलेल्या, सगळ्या.

“सगळ्या?” त्या पहिल्यांदाच हसल्या. “मग तुमच्याकडे बघून कळतच नाही?”

मला कपाळाचं सांगायचं होतं. टिकलीचं, मागच्या रांगेचं. तेवढ्यात गॅरेथ पुरुषांना घेऊन आत आला, आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

९ जून, बुधवार

मशीन सुरू. गॅरेथने माझ्यासाठी केक आणला. का ते त्यालाच ठाऊक!

१८ जुलै, रविवार

आईला व्हिसा मिळाला. सप्टेंबरात येतेय. “मंडळाच्या गणपतीत मला पुढे पुढे करायला लावू नकोस,” ही आधीच ताकीद. मी काही कबूल केलं नाही.

४ ऑक्टोबर, सोमवार

वकिलातीतून ईमेलवर फोटो आला. नोटा काल वाटल्या. बँकेच्या पायऱ्यांवर मधोमध बाई, हातात पाच मुठींची नोट, मीठवाली लोकांकडे तोंड करून. बाईंचा शेला उजव्या खांद्यावर.

आधी वाटलं, फोटो उलटा आलाय. बँकेची इंग्रजी पाटी वाचून बघितली. मग आईला बोलावून तिच्याकडूनही वाचून घेतली. सरळ आहे.