आमच्या वस्तीवर शाळा

बेळगाव,
ता. ४ एप्रिल १९२६

तीर्थरूप आईस,
सोमाचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. हे पत्र गिरजाताईच्या दादल्याकडून वाचून घे, आणि आजीलाही जवळ बसव.

मी मास्तरकीची परीक्षा पास झालो गं! सरकारनं शिष्यवृत्ती दिली, वसतिगृहात जेवू घातलं, त्याचं चीज झालं. मधे ताप आलता, आता बरा आहे.

परीक्षेतला शेवटचा धडा मी शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांपुढं घेतला. मधेच एक पोरगा उठला न् म्हणाला, "मास्तर, तुम्ही सिद्दी लोक गुलाम होता म्हणं?"

सगळा वर्ग हसला. मी म्हणालो, "व्हय. माझ्या आजीला लहानपणी आफ्रिकेतून आणून गोव्यात विकलं होतं. ती घाट चढून लोंढ्याच्या रानात पळून आली. तिचा नातू आज तुम्हाला शिकवतोय."

मग कुणी हसलं न्हाय. साहेबांनी विचारलं, "तुमच्या वस्तीवर शाळा आहे?"

"न्हाय साहेब."

काल हुकूम आला. आपल्या वस्तीवर शाळा निघणार, आणि तिचा मास्तर मी!

गिरजाताईचं बाळ रांगतंय का? पाटील शाळेवरून कुरकुरला तर त्याच्याशी भांडू नको, मी येऊन बोलतो.

सरकारी माणूस दिसला की आजी अजून रानात लपते न्हवं? तिला सांग, या खेपेला लपू नको. येणारा सरकारी माणूस तुझा नातूच आहे.

सगळ्यांच्या भेटीला आसुसलेला,
तुझा लेक
सोमा