आबांनी सांगितलं तसं केलं

अहो,

कंपनीत फोन जमा करून घेतात, म्हणून लिहून ठेवते. काळी शेळी सकाळी व्याली. दोघंबी बरी हायेत.

करडाचं डोकं आलं, पण पाय एकच दिसत होता. शेळी आडवी पडून वरडत होती. डॉक्टर इंदापुरात अडकले होते. मी रडकुंडीला आले, तेवढ्यात आबा काठी टेकत गोठ्यात आले. तुमी मेंढरं विकली तवापासनं त्यांनी तिकडं पाऊल टाकलं नव्हतं, अन् तुमच्याशी धड बोलणंबी न्हाय.

त्यांचा हात थरथरतो, म्हणून म्हणाले, "मनिषा, नखं काप, हाताला तेल लाव. मी सांगतो तसं कर."

कळ थांबल्यावर डोकं जरा मागं सारलं, खूर मुठीत धरला आन् मुडपलेला पाय पुढं घेतला. "वढू नगं, तिच्या कळंबरुबर घे," असं ते सारखं सांगत होते. करडू निपचित बाहेर आलं. आबांनी त्याच्या नाकात गवताची काडी फिरवली, तवा शिंकलं. मी तितंच बसून रडले.

प्रगतीच्या शाळेत पालकसभा हाय, पाचपतुर येते. करडू चीक प्यालंय. शेळीला गुळाचं कोमट पाणी द्या. करडामागनं पडायची वार अजून पडली न्हाय, तेवढी बघा.

तुमची पाळी कधी सुटती, हे आबांनी दोनदा विचारलं. चिठ्ठी वाचली हे त्यांना सांगू नका. "आबा, काय झालं?" असं तुमीच विचारा, आन् त्यांना पहिल्यापासनं सांगू द्या.

मनिषा