सैल झाकणं

३ मार्च

सोरायसिसने धरलेल्या सांध्यांसाठीचं पहिलं इंजेक्शन झालं. पोटावर दिलं. मुंगी चावल्याइतकंच, नर्स म्हणाली होती तसं.

फॉर्मनेच जास्त दमवलं. वीस प्रश्न. बाटलीचं झाकण उघडता येतं का? बटणं लावता येतात का? नळ फिरवता येतो का? प्रत्येकापुढे चार चौकटी — अडचण नाही, थोडी अडचण, खूप अडचण, जमतच नाही. आजवर हा फॉर्म हे भरायचे. मी नुसती शेजारी बसायचे. मी तोंड उघडायच्या आत ह्यांची खूण झालेली असायची. "काल बटणांना पंधरा मिनिटं लागली, मी घड्याळ लावून बसलो होतो ना!" डॉक्टरबाईंनी मला काही विचारलं तरी उत्तर हेच द्यायचे.

हे जाऊन चार महिने झाले. आज फॉर्म मी भरला. जिथे पेच पडला तिथे "थोडी अडचण" लिहून मोकळी झाले.

४ मार्च

काल लिहायचं राहिलं. वही कशासाठी घेतली ते. डॉक्टरबाई म्हणाल्या, रोज सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात ते लिहून ठेवा. आज एक तास चाळीस मिनिटं. टाचही दुखते. उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलेलं आहे, अंगठी घालायची तर ती कमरपट्ट्याच्या मापाची लागेल.

९ मार्च

समोरचे आले होते. समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडचे चष्मेवाले. आमचंही चष्म्याचं दुकान. पंचवीस वर्षं समोरासमोर बसून दोघांचं चाललं, भांडण एकदाही नाही. गेलं वर्षभर माझ्याच्याने फ्रेममधले बारीक स्क्रू धरवत नाहीत, तेव्हापासून भिंगं बसवायचं काम तेच करून देतात. आता म्हणतात, दुकान मला द्या. "घाई नाही वहिनी. मेअखेर सांगा."

मी म्हटलं, हातांचं कळू दे.

खरं म्हणजे तेवढंच आहे. हात चालले तर दुकान राहील. मागच्या खोलीतलं टेबल, दिवा, त्याखाली काचा घासून फ्रेममध्ये नेमक्या बसवणं — एवढंच मला येतं. पुढचं काउंटर ह्यांचं. ह्यांना बोलायची भारी हौस. गिऱ्हाईक चष्म्याची दांडी सरळ करून घ्यायला यायचं आणि तासभर बसायचं. मी पडद्यामागून ऐकत काम करायचे. रेडिओ लागत नसे.

१७ मार्च

दुसरं इंजेक्शन. सकाळची आखडण दीड तास.

सासूबाई बरोबर आल्या होत्या. वय ब्याऐंशी, पण दवाखान्यात सगळ्यांत ताठ त्याच. नर्सने त्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुला काय करायचंय? आमचं आमचं बोलणं."

२९ मार्च

कॉफीच्या बाटलीचं झाकण उघडलं!

पहिल्याच झटक्यात. वर्षभर मी ते आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, पुढे धरत होते. आज त्या अंघोळीला गेल्या होत्या, सहज फिरवून बघितलं आणि निघालं. मी ते परत लावलं आणि परत उघडलं. आई बाहेर आल्यावर सांगितलं. "बघ, म्हटलं नव्हतं मी?" म्हणाल्या. कधी म्हटलं होतं ते मला आठवत नाही.

६ एप्रिल

जॅमची बाटली. औषधाचीसुद्धा, ती दाबून फिरवायची असते ती.

कोपरांवरचे चट्टे जवळजवळ गेले. दहा वर्षांनी माझी कोपरं दिसायला लागली. आई म्हणाल्या, "अर्ध्या बाह्यांचं काहीतरी शिवून घे आता, म्हातारी होण्याआधी." मी त्रेपन्न वर्षांची आहे.

१९ एप्रिल

निळ्या सदऱ्याची सहाच्या सहा बटणं, चार मिनिटांत. बटण काजातून असं गेलं की मला ते गेल्याचं कळलंसुद्धा नाही. ह्यांना सांगायला म्हणून वळले.

२ मे

दुकानात टेबलावर बसून बघितलं. स्क्रू हातात राहत नाही. तीनदा पडला, चौथ्यांदा सापडलाच नाही. सवय गेली असेल. घरी सगळं उघडतंय, मग इथे काय होतं?

सकाळची आखडण एक तास वीस मिनिटं. ती मात्र हट्टाला पेटली आहे.

२६ मे

तीन महिने होत आले. फॉर्म मी अगदी खुशीत भरला. झाकण, अडचण नाही. बटणं, अडचण नाही. नळ, अडचण नाही.

डॉक्टरबाईंनी एकेक सांधा दाबून बघितला. सुजलेले नऊ. मार्चमध्येही नऊच होते. त्यांनी फॉर्म बघितला, माझी बोटं बघितली, परत फॉर्म बघितला. "तुमचा फॉर्म आनंदात आहे, बोटं नाहीत," म्हणाल्या. "त्रास होतो का?" मी म्हटलं, ठीक आहे. दुसरं काही सुचलं नाही. मग म्हणाल्या, एवढं जमतंय तर हेच औषध आणखी तीन महिने देऊन बघू.

२८ मे

समोरच्यांना सांगितलं, हात बरे झाले, दुकान देत नाही. ते म्हणाले, "छान झालं. मला शेजार हवाच आहे." मनापासून म्हणाले असं वाटलं.

५ जून

आई बहिणीकडे गेल्या, चार दिवसांसाठी.

६ जून

कॉफीची बाटली उघडत नाही.

७ जून

काहीच उघडत नाही. जॅम नाही, साखर नाही. कोरडा पाव खाल्ला. रबरी हातमोजा घालून बघितला, दारात धरून बघितलं. शेवटी बाटली घेऊन समोरच्यांकडे जावं म्हटलं, पण परवाच तर हात बरे झाले म्हणून सांगून आले, आता कॉफीची बाटली घेऊन कुठल्या तोंडाने जाऊ?

नर्सला फोन केला. म्हणाली, दुखणं उसळलं असेल, विश्रांती घ्या. पण बोटं तर होती तशीच आहेत. वाढलेली नाहीत, उतरलेली नाहीत.

९ जून

आई परत आल्या. बाटल्यांचं मी लपवलं. त्यांनी बॅग ठेवली आणि आधी स्वयंपाकघरात गेल्या.

१० जून

सगळं कळलं. सविस्तर लिहिते.

सकाळी सहाला जाग आली. स्वयंपाकघरात दिवा होता. आई टेबलाशी बसल्या होत्या आणि घरातल्या यच्चयावत बाटल्या, बरण्या, डबे त्यांच्यापुढे रांगेत. एकेक झाकण गच्च धरायचं, जोर लावून उघडायचं, मग परत नुसतं अलगद टेकवून ठेवायचं. डोक्याला पदर बांधला होता. लढाईला निघाल्यासारख्या.

"आई, काय चाललंय?"

"झाकणं पुसतेय."

"फडकं कुठे आहे?"

फडकं नव्हतंच. मग सगळं बाहेर आलं. नर्सने त्यांना सांगितलं होतं, घरी सुनेचा उत्साह टिकवा. म्हणून मार्चपासून रोज पहाटे उठून झाकणं सैल करत होत्या. नळाची घट्ट चावी नळवाल्याकडून बदलून घेतली, मी दुकानात असताना. आणि सदरे! माझ्या सगळ्या सदऱ्यांची काजं बारीक कात्रीने मोठी केली, कडा परत शिवल्या. मी कपाट उघडून बघितलं. काजातून बटणच काय, अंगठा जातो.

"तुझा चेहरा बघितलास का त्या दिवशी? कॉफीच्या वेळी?" म्हणाल्या. "त्यानंतर थांबू कशी मी?"

मला राग यायला हवा होता. आधी हसू आलं. आई अपमान झाल्यासारख्या बघत राहिल्या. मग त्याही हसल्या. पाऊण तास लागला कॉफी व्हायला.

दुपारी मात्र हसू गेलं. नऊ सांधे सुजलेले आहेत. सूज राहिली तर आत हाड झिजतं आणि झिजलेलं परत येत नाही, हे डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी खोट्या फॉर्मवर तीन महिने मागून आले. दुकान देत नाही म्हणून सांगून आले, तेही झाकणांच्या भरवशावर.

१२ जून

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. स्वतः, आईंच्या देखत. आधी कागदावर लिहून नेलं होतं, मग वाचून दाखवलं. काजांपाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. नर्स पाठ करून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते.

मग म्हणाल्या, "दोन औषधं एकदम चालू असली तर कुठलं लागू पडतंय ते कळत नाही. सासूबाईंचं बंद करा." आईंकडे बघून म्हणाल्या. आई म्हणाल्या, "गुण तर माझ्याच औषधाने आला होता."

इंजेक्शन बदललं. कोपरं सुधारली पण सांधे नाहीत, असं होतं म्हणे काहींचं. नवं महिन्यातून एकदा. आणि फॉर्म भरताना "ठीक" हा शब्द वापरायचा नाही अशी ताकीद. किती मिनिटं लागली, कितीदा पडलं, ते सांगायचं.

१३ जून

समोरच्यांनाही खरं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, हे ऐकल्यावर तर मी वर्षभरही थांबेन."

३० जून

आई आता झाकणं अशी आवळतात की त्यांना स्वतःलाच उघडत नाहीत. साखर तीन दिवस कोंडलेली आहे. बिनसाखरेची कॉफी.

१४ जुलै

सकाळची आखडण पन्नास मिनिटं. टाच दुखतेच आहे. बोलावंसं वाटत नव्हतं आज दिवसभर. आईंनाही वाटत नसावं. दोघी गॅलरीत बसून मटार सोलले. त्यांनी दोन सोलले की मी एक. मध्येच म्हणाल्या, "त्याला कच्चेच आवडायचे." मी हो म्हटलं.

८ ऑगस्ट

जॅमची बाटली उघडली.

आई म्हणाल्या, "खरंच?" मग म्हणाल्या, "माझी शपथ, मी हात लावला नव्हता." मग बाटली घेऊन स्वतः आवळली, लाल होईस्तोवर, आणि माझ्यापुढे ठेवली. मी परत उघडली. जॅम संपवला दोघींनी, चमच्याने.

२१ ऑगस्ट

वीस मिनिटं. मधलं बोट इतर बोटांसारखं दिसतं. नखांवरचे टाचणीने टोचल्यासारखे खड्डे खालून भरत येतायत.

१५ सप्टेंबर

सुजलेले सांधे दोन. नवापैकी दोन! टाच आहे तशीच. जिना उतरताना कठडा धरावाच लागतो, तेही फॉर्ममध्ये लिहिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आज तुमचा फॉर्म आणि बोटं एकमेकांना ओळखतात.

२९ सप्टेंबर

दुकान पूर्ण दिवस उघडं ठेवलं. सकाळी चार चष्म्यांची भिंगं मीच बसवली. स्क्रू धरला की धरलेला राहतो. दिव्याखाली काच फ्रेममध्ये बसताना बारीक टक्‌ आवाज होतो, तो दीड वर्षाने ऐकला. वेळ कसा गेला कळलं नाही.

दुपारनंतर गिऱ्हाइकं. एका बाईंनी दोन फ्रेमा लावून विचारलं, कुठली शोभते? मी म्हटलं, दोन्ही. बाई वाट बघत राहिल्या. मला पुढचं वाक्य येईना. त्या समोरच्यांच्या दुकानात गेल्या. दुसऱ्यांना ह्यांच्याबद्दल बोलायचं होतं. मी भिंग पुसत उभी राहिले.

४ ऑक्टोबर

आठवडाभर बघितलं. हात चालतात. तोंड चालत नाही. ते कुठल्या इंजेक्शनने यायचं नाही.

६ ऑक्टोबर

समोरच्यांकडे गेले. म्हटलं, दुकान घ्या. ते गोंधळले. "पण हात बरे झाले ना?" म्हटलं, म्हणूनच. काउंटर तुमचं. मागचं टेबल आणि दिवा माझा, भिंगं बसवायला मी येईन, चार वाजेपर्यंत. गिऱ्हाइकाशी मी बोलणार नाही. ते म्हणाले, "म्हणजे कटकट मला आणि मजा तुम्हाला." आणि हात पुढे केला. मी मिळवला. घट्ट.

आईंना सांगायची भीती वाटत होती. मुलाचं दुकान. म्हटलं, आई, ह्यांच्यासारखं बोलणं मला या जन्मी जमायचं नाही. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

७ ऑक्टोबर

सकाळी कॉफी पिताना आई आपणहून बोलल्या. "बोलणं त्याला तरी कुठे यायचं? शाळेत तोंडी परीक्षा असली की पोट दुखायचं. तू येण्याआधी मागच्या टेबलावर तोच बसायचा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुला गिऱ्हाइकापुढे उभं केलं, तर तुला घाम फुटला. त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, आई, उद्यापासून मी पुढे बसतो. महिनाभर आरशासमोर उभा राहून पाठ करायचा, या बसा, काय म्हणताय."

आणि मी पंचवीस वर्षं पडद्यामागून ऐकत होते, आणि मला वाटायचं, ह्यांना हौस आहे.