विमलताईंची निगेटिव्ह

१४ नोव्हेंबर ९५
बरकतपुऱ्यात विमलताईंची स्मृतिसभा. गेल्या त्याला वर्ष झालं. मी शेवटच्या रांगेत, पंख्याखाली. बायकांची दुःखं, रंगावरून होणारी हेटाळणी, जुन्या शहरातल्या हबशी वंशाच्या सिद्दी बायका, या सगळ्यांवर ताईंनी लिहिलं, असं जो तो सांगून गेला. वाचलेलं एकानेही नाही. ऐकून कळतं. शेवटचे वक्ते म्हणाले, "ताई वर्णाने सावळ्या, पण मनाने गोऱ्या होत्या." टाळ्या. चहा न घेता निघालो. फुकटचा चहा मी सहसा सोडत नाही.

१६ नोव्हें.
अविनाश आला स्टुडिओत. ताईंचा मुलगा. परदेशी कंपनीची एजन्सी, नवी गाडी. नारायणगुड्यात ती लावायला जागा मिळेना म्हणून आल्या आल्या चिडलेला. ताईंच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय, मुखपृष्ठावर मी काढलेला फोटो हवा. तोच मोठा करून दिवाणखान्यात.
"जरा उजळ करा, काका."
"किती?"
"घरात शोभेल इतका. मैत्रेयीला बघायला अमेरिकेतलं स्थळ येतंय. लोक आधी भिंत बघतात."
मैत्रेयी त्याची मुलगी. आजीच्याच वळणाची, आजीच्याच रंगाची.
म्हटलं, "भिंतीनंतर मुलगी पण दिसेल की रे त्यांना."
हसला नाही.

१७ नोव्हें.
उजळ करणं हा तर माझा धंदा. अर्धा नारायणगुडा माझ्या पेन्सिलीने गोरा होऊन बोहल्यावर चढला. निगेटिव्हवर सगळं उलटं. तिथे चेहऱ्यावर काळं शिसं फिरवायचं, तेवढा फोटोत गोरा येतो. ताईंना एकदा करून दाखवलं होतं. बराच वेळ बघत राहिल्या. मग, "आमच्या अक्काला असंच काळं फासलं होतं तर."
अक्का म्हणजे थोरली बहीण. स्थळांना पाठवायचा फोटो असाच उजळलेला, दुसऱ्या कुणाकडून. पाहुणे आले, विचारलं, फोटोतली मुलगी कुठंय? अक्का पोह्यांची बशी घेऊन समोर उभी. लग्न झालंच नाही, लवकर गेली. मागे तो एकच फोटो. ताईंनी पुस्तकात लिहिलंय, "तो बघून बघून अक्काचा खरा रंग मला आठवेनासा झाला, ती दुसऱ्यांदा गेली." त्या पानापुढे मला कधी जाववलं नाही.
आणि आता त्याच पुस्तकावर…

१९ नोव्हें.
रहमतबी आल्या. सिद्दी, ताईंची शाळेपासूनची मैत्रीण, पुस्तकात आहेत. सभेचं त्यांना कोणी कळवलंच नाही. ताईंचा फोटो मागत होत्या. अविनाशला काय हवंय ते सांगितलं. काठी टेकून बसल्या.
"लोगां उसकू हबशन की सहेली बोलके चिढाते थे, रोई नै कब्बी. अब उसका पोट्टा इच उसका मूं धोरा?"
पोटचा मुलगाच तिचं तोंड धुतोय म्हणे. मग हसल्या. "इत्ती गोरी हुई तो ऊपर मैं पैचानूंगी कैसा, भाई?"
पदराने डोळे पुसले. फोटोची प्रत काढून देतो म्हटलं, चहा मागवला.

२१ नोव्हें.
अविनाशचा फोन. "काका, नसेल जमत तर निगेटिव्ह द्या. आबिड्सला एका स्टुडिओत कॉम्प्युटर आलाय, लगेच करून देतात." एकच निगेटिव्ह. गेली की परत येईल याचा भरवसा नाही. पण मागणारा मुलगा आहे, नाही कसं म्हणू?
वर म्हणतो, "आईचं ते सगळं पुस्तकात ठीक आहे हो."
फोन ठेवून बाहेर जाऊन थुंकून आलो. उद्या येतोय.

२२ नोव्हें.
बापाच्या आधी मैत्रेयी आली, कॉलेजला जाता जाता. स्थळाला पाठवायला तिचाही फोटो हवाय. आजी बसली होती त्याच स्टुलावर बसली. पावडर पुढे केली, नको म्हणाली.
"काका, आजी माझ्याएवढीच सावळी होती ना? घरी सगळे म्हणतात, नाही गं, आजी उजळ होती. मला चुकीचं आठवतं का?"
ताई जाऊन वर्षच झालंय.
ड्रॉवरमधून ताईंच्या फोटोची जुनी प्रत काढून दिली, न उजळलेली. तिने शेजारी आपला हात ठेवला. बघत राहिली. तेव्हाच कॅमेऱ्याचं बटण दाबलं.
ती गेली. तिची निगेटिव्ह धुऊन वाळवली. ताईंची आणि तिची, दोघी टेबलावर शेजारी शेजारी. पेन्सिलीला टोक आहेच, अजून दोघींपैकी एकीलाही लावलेलं नाही. अविनाशचा हॉर्न ऐकू येतोय खालून. गाडीला जागा शोधतोय.