कपाटासमोरची खुर्ची

चिमणे,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लावले, रागावू नकोस. चार वेळा लिहून फाडलं. हे बहुधा खिशातच राहील.

विकायला काढलेली रिकामी घरं सामान मांडून सजवायची, यातच माझा जन्म गेला. यंदाची पाचही कामं माझ्यापेक्षा जरासा कमी दर लावून जावईबापूंनी नेली. दलाल हसतो, "काका, घरातल्या घरातच राहिलं की! कुढता कशाला?"

परवा त्यांनी सजवलेलं घर बघून आलो. सगळी मांडणी त्या घरासाठी मी काढलेल्या नकाशातली. घाईत मी नकाशात कपाटाच्या दारासमोरच खुर्ची काढली होती. तिथेही खुर्ची नेमकी तिथेच होती, आणि कपाट उघडत नव्हतं.

तो नकाशा मी फक्त तुला पाठवला होता, कोटेशन नीट अक्षरात लिहायला.

तक्रार करावी तर तुझ्या संसाराला धक्का, गप्प बसावं तर हातचा धंदा जातोय. सोमवारी पुन्हा कोटेशन द्यायचंय, आणि माझं अक्षर मलाच लागत नाही.

त्यांनी तो नकाशा तुझ्या नकळत घेतला, की तूच दिलास?

नको, ते राहू दे. सोमवारचं कोटेशन लिहून देशील ना, तेवढं मात्र लवकर कळव.

तुझे,
बाबा