बोरमळ्याला कोच पाहिजे

७ डिसेंबर, रविवार
मंचरच्या स्पर्धेत पारगावकडून चार-एक. पहिल्या हाफलाच तीन खाल्ले. सागर सकाळी कुणाच्या तरी साखरपुड्याला जाऊन आला होता. पोटात मासवडी, वर रस्सा, त्यावर ताक. असा फॉरवर्ड मैदानात चालत होता, पळत नव्हता. हाफटाइमला त्याला बाहेर बसवलं. नंतर एक गोल आपण केला, एक त्यांनी केला. म्हणजे सागर नसताना आपण बरोबरीत होतो. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, येणारही नाही.

परत येताना आळेफाट्याला चहाला थांबलो. पोपटशेठ दुसऱ्या टेम्पोतल्या लोकांना हात करकरून काहीतरी समजावत होता. मी जवळ गेलो तर, "सर, चहा घ्या." एवढंच. पोपटशेठ म्हणजे राजुरी स्टँडवरचा हॉटेलवाला, आमच्या टीमचा स्वयंघोषित मोठा सपोर्टर आणि सागरचा मामा. यापुढे नुसता पो. एवढी शाई त्याच्यावर कशाला घालवायची.

८ डिसेंबर
मला काढलं.

प्रत्यक्ष कुणी सांगितलं नाही. तेवढी छाती नाही. व्हॉट्सॲपवर 'बोरमळा फुटबॉल सपोर्टर्स'मध्ये सकाळी पो.चा मेसेज : "आता नवीन कोच बघायला लागंल. सरांनी लई केलं, आता आराम करावा." खाली चाळीसेक अंगठे. ग्रुप मीच काढलेला, ॲडमिनही मीच. त्यामुळे मला हाकलता येईना. मग दुपारी नवीन ग्रुप काढला, 'बोरमळा फुटबॉल (नवीन)', आणि जुन्यातली सगळी नावं उचलून त्यात टाकली. माझ्यासकट. असे हे लोक क्लब चालवणार.

वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा पी.टी.च्या मास्तरला गावात काय किंमत असते ते कळलं होतं. लग्नपत्रिका वाटायला माणूस कमी पडला की आठवण. ही टीम उभी केली तेव्हा पहिल्यांदा लोक मागून "सर" म्हणून हाक मारायला लागले. आता पुन्हा पत्रिका.

९ डिसेंबर
(नवीन) ग्रुपवर दिवसभर चर्चा. मी वाचतोय हे कुणाच्या गावी नाही.

खालच्या आळीचे नाना : "तिकडं परदेशात कोच महिन्याला बदलत्यात. आपनच एकाला धरून बसलोय."
पो. : "सर पोरांना सहा वाजता घरी पाठवत्यात. बिबट्याचं निमित्त. असा सराव अस्तो का?"

बिबट्याचं निमित्त. मैदानाच्या कडेला ऊस, उसात मागच्या महिन्यात पिल्लं दिसलेली, वनखात्याचा पिंजरा अजून बांधावर आहे. हाच पो. संध्याकाळी मोटर चालू करायला जाताना बायकोला बॅटरी धरायला पुढे घालतो. त्याने मला सरावाच्या वेळा शिकवाव्यात.

११ डिसेंबर
उमेदवार दोन. वरच्या आळीचा विकी आणि खालच्या आळीतल्या नानांचा जावई.

विकीची फाट्यावर जिम आहे. फुटबॉलला हात लावलेला नाही. (पाय लावायचा असतो हेही त्याला सांगावं लागेल.) पाठिंब्याचं मुख्य कारण : "फोटो भारी येत्यात राव त्याचे."

जावई चाकणला कंपनीत. कंपनीच्या टीममध्ये खेळायचा म्हणे. कोणत्या जागेवर, ते नानांनाही माहीत नाही. "पर त्याच्याकडं सोताची शिट्टी हाये," असं नानांनी हॉटेलात सगळ्यांसमोर सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मी कोपऱ्यात बसून भजी खाल्ली. भजी बरी असतात पो.ची, खोटं का बोलू.

मळ्यातल्या, म्हणजे आमच्या बाजूच्या, कुणी माझं नाव घेतलं नाही. एकाने फक्त, "सर हायेत की," म्हटलं. त्यावर पो. म्हणाला, "सर हायेतच, सर कुठं गेले?" आणि सगळे हसले. मीही हसलो. माझाच राग आला.

१२ डिसेंबर
सौ.ला आज कळलं. म्हणजे तिला आधीच कळलं होतं, मी आज सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "मग रान मोकळं झालं म्हनायचं."

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि त्या चाळीस अंगठ्यांपैकी एकाच्याही आलं नव्हतं. मैदान म्हणजे आमचंच रान. आमचं म्हणजे तिचं. तिचं माहेर राजुरीतलंच, माझ्या सासऱ्यांनी तिला दिलेला तुकडा, सातबारा तिच्या नावावर. टीम सुरू झाली तेव्हा मी तिला म्हणालो होतो, एक वर्ष पडीक ठेवू. पुढचं एक वर्ष, पुढचं एक, असं करत पाच वर्षं झाली. ती दर हंगामाला एकदाच म्हणायची, "ढोरं तरी चरली अस्ती."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिने घरामागे कांद्याचं रोप टाकलं. एवढं कशाला म्हणून विचारलं तेव्हा म्हणाली होती, "लागंल." आज मागे जाऊन पाहिलं. बेताचं नाही, दोन एकराला पुरेल एवढं आहे. म्हणजे मला काढणार हे हिने पो.च्या आधी ओळखलं होतं.

१४ डिसेंबर, रविवार
विकीची चाचणी. सपोर्टर खुर्च्या घेऊन बांधावर. विकीने पोरांना दवात जोर मारायला लावले. मग बैठका. मग स्वतः शर्ट काढून दाखवलं. बॉल दुपारपर्यंत पिशवीतच. शेवटी काढला तेव्हा पहिल्याच लाथेला शेजारच्या शंकरच्या उसात. तो आणायला कुणी जाईना. बिबट्या हे निमित्त आहे ना, मग जा की.

नाना खूश. "फिटनेस मेन हाये." पो. खूश. मी घराच्या ओट्यावरून बघत होतो. हसायला येत होतं. गोलकीपर अक्षय मधेच वळून आमच्या घराकडे बघायचा. मी आत गेलो.

१७ डिसेंबर
मंदिरात मीटिंग. मला निरोप नव्हता, पण मंदिर सगळ्यांचं. मागे खांबाला टेकून बसलो.

वरची आळी विकीवर अडून, खालची आळी जावयावर. आवाज चढले. कुणीतरी कुणाच्या तरी चुलत्याचा बांध काढला. मग पो. उभा राहिला आणि त्याने गावाला जो एकच मार्ग येतो तो काढला. सरपंचाचा. मागच्या पंचवार्षिकला तिन्ही आळ्यांनी सरपंचपद वाटून घेतलं होतं, प्रत्येकाला ठरावीक महिने, आणि पहिल्याच दिवशी तिघांचे राजीनामे लिहून पो.च्या कपाटात. तसंच कोचपदाचं करायचं. चार महिने वरची आळी, चार महिने खालची, चार महिने मळा. भांडण नाय, तंटा नाय.

"मळ्याचा कोन?" नानांनी विचारलं.
"मळ्याचे सर," पो. म्हणाला. "ज्येष्ठ हायेत. आपन काय त्यांना सोडलेलं न्हाई."

टाळ्या. ज्यांना फुटबॉलमध्ये ऑफसाइड कळत नाही त्यांनी फुटबॉलची ग्रामपंचायत केली. माझी पाळी ऑगस्ट ते नोव्हेंबर. म्हणजे पावसाळ्यात, चिखलात, आणि पोरं शेतात गुंतलेली असताना. स्पर्धा सगळ्या डिसेंबर ते मे. पो. मूर्ख आहे, पण कॅलेंडर वाचता येतं त्याला.

मी उठून उभा राहायला हवं होतं. राहिलो नाही. खरं सांगायचं तर टाळ्या वाजल्या तेव्हा क्षणभर बरं वाटलं. चार महिने तर चार महिने. असा मी.

१९ डिसेंबर
पो., नाना आणि विकी घरी आले. हातात कोरा कागद. राजीनामा लिहून द्या, तारीख टाकू नका.

"अजून नेमणूक नाही आणि राजीनामा?" मी म्हटलं.
"पद्धत हाये, सर. विकीनं दिला, पावन्यांनीबी दिला."

पावणे म्हणजे जावई. चाकणहून मोबाइलवर सही पाठवली. मी चष्मा शोधायला लागलो. हो, लिहायला. एवढ्यात सौ. चहाचे कप घेऊन बाहेर आली, ओट्यावर ठेवले आणि तिथेच बसली. अशी ती कधी बसत नाही.

"पोपट, खेळनार कुठं?" (पो. तिच्या माहेरच्या आळीतला, लहान. ती शेठ-बिठ म्हणत नाही.)
"म्हंजी? मैदानावर, आक्का."
"मैदान कुनाचं?"
पो.ने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे.
"सरांचं."
"सातबारा काढून बघ. आनि रोप बघ मागं जाऊन, जून व्हायला लागलंय. ते कुनाच्या पाळीसाठी थांबत न्हाई."

नाना हसायला गेले, पण कुणी साथ दिली नाही. पो.चा चेहरा बघण्यासारखा होता. गावाने ज्या रानावर खेळायचं त्याच रानाच्या मालकिणीच्या नवऱ्याला हाकललं, आणि हे कळायला बारा दिवस आणि एक चहा लागला. मग त्याचा आवाज मऊ झाला. "आक्का, गावाचं नाव व्हतंय. तुमीच सांगा आता कसं करायचं."

"ह्या न्हाई, पुढच्या रविवारी सांगते," सौ. म्हणाली. "तवर कागूद घरी ठेवा."

ते गेल्यावर मी तिला शाबास म्हणालो. ती म्हणाली, "तुमी चष्मा कशाला शोधत व्हता?"

२१ डिसेंबर, रविवार
पो.कडून घरी भजी आली. कांदाभजी. सौ.ने वास घेऊन शेजारी पाठवली. दुपारी नानांच्या घरून डिंकाचे लाडू. संध्याकाळी विकी स्वतः आला, "काकू, काय उचलायबिचलायचं असंल तर सांगा." तिने त्याच्याकडून खताच्या दोन गोणी कोठीत ठेवून घेतल्या. हा त्याचा पहिला खरा उपयोग.

(नवीन) ग्रुपवर आता सूर बदललाय. "सरांना काढायचं असं कुणीच म्हणलं नव्हतं." "मीडियाने वाढवलं." कोणता मीडिया, ते लिहिणाऱ्याला विचारायला हवं.

२३ डिसेंबर
शंकरच्या उसाला तोड आली. कोयते दिवसभर चालू. बिबट्या दोन दिवसांपूर्वीच पलीकडच्या उसात गेला म्हणतात. ऊस पडत गेला तसे आतून आमचे बॉल निघायला लागले. पाच वर्षांचे. काही फाटलेले, काहींवर दातांच्या खुणा. तोडीवरच्या एका बाईने सगळे साडीच्या जुन्या धडप्यात बांधून आणून दिले. म्हणाली, "मास्तर, ह्ये तुमचं पीक." सौ. खूप दिवसांनी मोठ्याने हसली.

सागर आला होता, मामाला चुकवून. "सर, मासवडी मीच जास्त खाल्ली व्हती. मामाला सांगू नका." मी म्हटलं, हे तू ग्रुपवर लिही. "तेवढं नका सांगू, सर." मामाचाच भाचा. पण जाताना विचारलं, "उद्या यायचं का सरावाला?" रविवारपर्यंत ते माझ्या हातात नव्हतं.

२६ डिसेंबर
दोन दिवस सौ.ला समजावतोय. अर्धं रान कांद्याला, अर्धं मैदानाला. तिचं म्हणणं, अर्ध्यात बॉल, अर्ध्यात रोप, म्हणजे रोज पोरं वाफे तुडवणार. बरोबर आहे. मग यंदाचं शेवटचं वर्ष म्हणालो. "हे पाच वेळा ऐकलंय." तेही बरोबर.

मग म्हणालो, माझ्या हातात टीम पूर्ण वर्षभर दिली तरच रान, नाहीतर कांदा, अशी अट घालू. पो.ला गुडघ्यावर आणू. बोलताना मला फार बरं वाटत होतं. तिने रोपाला पाणी सोडता सोडता विचारलं, "तुमाला हे कशापायी पायजे? पोरांसाठी का पोपटसाठी?"

मी म्हटलं, पोरांसाठी. ती म्हणाली, "मग मगापासून पोपटचंच नाव का घेताय?"

या वहीत मागे जाऊन पाहिलं. अक्षयचं नाव एकदा. सागरचं मासवडीबरोबर. बाकी पानंच्या पानं पो.

२८ डिसेंबर, रविवार
सकाळ. तिने काय ठरवलंय ते माहीत नाही. विचारलंही नाही. अट वगैरे पुन्हा काढली नाही.

आठला ट्रॅक्टर आला, मागे रान उकरायचा रोटाव्हेटर लावलेला. मी बोलावलेला नाही, म्हणजे तिनेच. मैदानाच्या तोंडाशी उभा आहे. पो., नाना आणि दहा-बारा सपोर्टर बांधावर, आज खुर्च्या नाहीत. (नवीन) ग्रुपवर एकही मेसेज नाही, सगळे इथेच आहेत. पोरंही आलीत, बूट घालून, रांगेत. त्यांना कुणी सांगितलं माहीत नाही. अक्षय सगळ्यांत पुढे.

मी ओट्यावर पंप घेऊन बसलोय. उसातले बॉल एकेक करून फुगवतोय. बहुतेक हवा सोडतात. दातांच्या खुणांचा एक मात्र अजून घट्ट आहे, दोन्ही हातांनी दाबून पाहिला.

सौ. ट्रॅक्टरवाल्याशी बोलतेय. हात कधी रानाकडे, कधी पोरांकडे करते. इथून ऐकू येत नाही. ट्रॅक्टरवाल्याने मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. पो.ने इकडे पाहून मला हात केला, म्हणजे तुम्ही तरी जाऊन बोला. गेलो नाही. रान तिचं आहे.

आता ती वळली. घराकडे येतेय. इंजिन बंदच आहे, पण किल्ली त्याने काढलेली नाही.